जरा मोठं करा

“काही ना काही तरी निघेल ना हो?” म्हाताऱ्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं.

वैद्यानं हार्ड डिस्कला वीज जोडली आणि कान लावला. वैद्य म्हणजे औषधवाला नव्हे. मेलेल्या डिस्क उठवून बसवतो म्हणून बाजारानं ठेवलेलं नाव. आत टक् टक् चाललं होतं.

“वाचणारी सुई मोडलीय, काका. तसल्याच दुसऱ्या डिस्कची काढून हिला बसवतो. पण ही पडून मोडलेली नाही वाटत. हातोडी घातल्यासारखी दिसते.”

“अपघात हो. गाडीत तिच्याजवळच होती.” गृहस्थांनी डोळे टिपले. डिस्क ज्यात गुंडाळून आणली तोच इस्त्रीचा रुमाल, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेलं अक्षर. “गेल्या वर्षी वारली माझी पोर. घरात एक फोटो नाही. चेहरासुद्धा विसरायला लागलोय.”

वैद्य तसा टवाळ. डिस्क दुरुस्त झाली तरी आधी ‘अरेरे’ करून गिऱ्हाइकाला रडवायचा, मग दात काढायचा. पण त्यालाही एक मुलगी होती. आज टवाळी न करता त्यानं डिस्क ठेवून घेतली. गृहस्थ गेले, रुमाल टेबलावरच राहिला.

सकाळी तो दुकानाचं कुलूप काढतोय तोच मागे कुणीतरी उभं राहिलं. थोराड बाई, एक हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. प्लास्टरवर निळ्या शाईनं काढलेला पक्षी. डोळे रात्रभर न मिटलेले.

“काल एक म्हातारा डिस्क देऊन गेला ना? ती चालू करू नका.”

“तुम्ही कोण बाई?”

“ती चालू झाली तर एक जीव जाईल. सांगून ठेवते.”

 वैद्याच्या तोंडातून सवयीनं गेलंच, “माझा की तुमचा?”

बाई हसली नाही. आत आली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि टेबलावरचा रुमाल दिसताच मिटलं. एक पाऊल मागे सरली.

“पोलिसांना बोलावू का?” वैद्यानं विचारलं.

पोलीस म्हटल्याबरोबर ती पांढरीफटक पडली आणि निघाली. चोराच्या मनात चांदणं, वैद्य मनात म्हणाला.

पण ती गेली नव्हती. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून इकडेच बघत होती. दुकानातला फोन वाजायचा, उचलला की पलीकडे नुसता श्वास. वैद्यानं पडदा ओढला. पडद्याच्या फटीतून बघितलं तरी ती तिथंच.  मुलगी कॉलेजातून नीट घरी आली का, म्हणून त्यानं उगीचच बायकोला फोन केला. मग गृहस्थांना केला.

“एक बाई धमकी देऊन गेली, काका.”

“हात गळ्यात बांधलेला?”

“हो, तीच!”

“वेडी आहे बिचारी,” गृहस्थ मायेनं म्हणाले. “ती गाडी तीच चालवत होती. माझी पोर गेली आणि ही वाचली. आता पोरीची एकेक खूण मिटवत सुटलीय. घाबरू नका. इथले पोलीस माझ्या हाताखाली शिकलेत.”

वैद्याच्या जिवात जीव आला. तोवर दार ढकलून बाई आत आली होती. चांगल्या हातात दगड.

“द्या ती.”

वैद्याचं डोकं जाग्यावर होतं. सुई काढून घेतलेली, रिकामी, अगदी तसलीच डिस्क समोरच पडली होती. खरी त्यानं कधीच खणात सरकवली होती.

“घ्या बाई. दुसऱ्याच्या भानगडीत मला काय करायचंय?”

बाईनं ती दारातच ठेचली. झाकण वाकलं, चकत्या फुटल्या, तरी दगड थांबेना. मग तिथंच बसून ती ढसाढसा रडली.

“आता झोप लागेल,” ती म्हणाली. “देव तुमचं भलं करो.”

वैद्यानं गंभीर चेहऱ्यानं हात जोडले. ती कोपऱ्यावरून वळली तसा टेबलावर डोकं टेकून पोट दुखेपर्यंत हसला. काय बनवलं बाईला!

खरी डिस्क उठली. ना नाव, ना तारीख, नुसता फोटोंचा ढीग बाहेर आला. निरोप मिळताच गृहस्थ धापा टाकत आले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक हसरी पोरगी दिसली तसं वैद्यानं तोंड फिरवलं. गिऱ्हाइकाचं खासगी बघायचं नाही, हा त्याचा नियम.

“जरा मोठं करा हो.”

त्यानं मोठं कसं करायचं ते दाखवलं.

“तिचा चेहरा नको. मागची खिडकी. खोली कशी होती तिची, बघतो.”

बाप तो बाप, वैद्याला भरून आलं. तो पुन्हा भिंतीकडे वळला. मागे माऊसची टिकटिक चालू राहिली. मग थांबली. 

गृहस्थांनी फोटोंची प्रत खिशात टाकली, रुमालाची घडी घातली. “आता भेटेन पोरीला,” ते हळूच म्हणाले, आणि वयाच्या मानानं फारच झपझप निघून गेले.

वैद्यानं डोळे पुसले. काम झालं की आपल्याकडची प्रत पुसायची. तो खुर्चीत बसला. पडद्यावर शेवटचा फोटो तसाच होता. इतका मोठा केलेला की दारावरचा नंबर आणि शेजारची गल्लीची पाटी, एवढंच दिसत होतं.

त्यानं फोटो लहान केला. दार आलं. दाराला अडकवलेली नवी कोरी किल्ली आली. पायरीवर ती थोराड बाई बसलेली, चक्क हसणारी, कोरं पांढरं प्लास्टर पुढे धरून. आणि गेल्या वर्षी मेलेली पोरगी तिच्या हातावर वाकून निळ्या पेननं पक्षी काढत होती. एक पंख अजून काढायचा राहिला होता.