अझुमाची पाटी

जहाजाच्या मॉडेलखालची पितळी पाटी वाचली आणि गुरुदत्त चिटणिसांना तीन आठवड्यांत पहिल्यांदाच बरं वाटलं. श्रीरामने चूक केली होती, आणि तीही चांगली ठळक.

डब्लिनच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मॉडेल बनवणाऱ्या क्लबचं २००६ सालचं प्रदर्शन भरलं होतं. गेली चार वर्षं पहिल्या नंबरची निळी फीत गुरुदत्तांचीच. यंदा त्यांच्याच बेसमेंटमध्ये करवत धरायला शिकलेल्या श्रीरामने जपानचं पहिलं चिलखती जहाज आणलं होतं. ते इतकं देखणं झालं होतं की तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा पाहिल्यापासून गुरुदत्तांच्या पोटात दुखत होतं. त्यांची बायको पद्मजासुद्धा नवऱ्याचं टेबल सोडून दहा मिनिटं तिथेच रमली होती.

पण पाटीवर होतं, 'अझुमा, मियाको खाडीची लढाई, १८६९'. अझुमा हे नाव मिळालं १८७१ साली. लढाईत ते होतं 'कोतेत्सु'. फ्रान्समधली बांधणी, अमेरिकेकडून झालेली खरेदी, लढाया, निवृत्ती, जहाजाची अख्खी कुंडली गुरुदत्तांना पाठ होती. लग्नाचा वाढदिवस तेवढा अधूनमधून चुकायचा.

"एकदा नजर टाक यार," श्रीराम म्हणाला. "काही राँग असेल तर आत्ताच सांग. पाटी काय, दोन मिनिटांत काढता येईल."

परीक्षक अजून दोन टेबलं लांब होते. गुरुदत्तांनी चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला.

"एकदम परफेक्ट," ते म्हणाले.

"बस्स. मग आता हे ठेवतो." श्रीरामने पिशवीतून एक कार्ड काढलं आणि जहाजापुढे उभं केलं. "तू ओके म्हटल्याशिवाय लावायचं नव्हतं मला."

कार्डावर ठसठशीत अक्षरांत होतं: 'या मॉडेलचा इतिहास माझे उस्ताद गुरुदत्त चिटणीस यांनी तपासला आहे.'

गुरुदत्तांचा हात कार्डाकडे गेला, पण तेवढ्यात परीक्षक येऊन ठेपले. त्यांनी वाकून जहाज न्याहाळलं. पाटी वाचली. सालावर बोट टेकवलं, थांबले, मग कार्ड वाचलं. आणि कंबर सरळ करून ते समोरच्या दोघांच्या शर्टांवर चिकटवलेली नावं वाचू लागले.