डावा कल्ला

“काका, पाय टेका.”

काकांनी टेकला. उजवा. तो आधीपासून टेकलेलाच होता.

“डावा हो!” फिजिओ व्यायामाच्या पाण्याच्या टाकीच्या काठावरून ओरडली.

डावा पाण्यात बगळ्यासारखा वर होता. हाड जुळलं होतं, प्लॅस्टर निघालं होतं. पायाला मात्र हे कोणी कळवलं नव्हतं. छातीभर कोमट पाण्यात माणसाचं वजन उरतंच किती, असं फिजिओ रोज समजावायची. काका मान डोलवायचे आणि कठडा धरून लंगडी घालायचे.

“राहू दे, मॅडम. पुतण्याने चाकाचं स्टूल आणलंय. आता बसूनच केस कापायचे.”

हे बोलताना काकांचा आवाज बसला. सलून त्यांचं होतं, आणि तिथे ते उभ्या आयुष्यात बसले नव्हते.

“मी हात टेकले,” फिजिओ म्हणाली.

“हात टेकणं सोपं असतं हो.”

तेवढ्यात शेजारी पाण्यातच आखडलेल्या खांद्याचा व्यायाम करणारे एक बस कंडक्टर वळले. काकांची नजर त्यांच्या कल्ल्यांवर गेली आणि तिथेच अडकली.

“कुणी कापले?”

“तुमच्याच दुकानात. पुतण्याने.”

“डावा वर गेलाय! नाक कापलं कार्ट्याने माझं!”

कंडक्टर कल्ला चाचपायला गेले, पण खांद्यामुळे हात गालापर्यंतच पोचला.

“कल्ला सरळ आहे,” फिजिओ म्हणाली. “एका पायावर तुम्हीच तिरके झालात.”

“मी? तिरका?”

असं त्यांना आजवर कोणी बोललं नव्हतं. काकांनी कठडा सोडला. दोन्ही पाय खाली रोवले, एक डोळा मिटला आणि अंगठा समोर धरून नेम घेतला.

कल्ले एका रेषेत होते. अगदी पट्टीने आखल्यासारखे.

काका चरफडले. चूक कुठेतरी असणारच, म्हणून त्यांनी कंडक्टरांभोवती एक फेरी मारली. मग उलटी एक. डावा, उजवा, डावा, उजवा. फिजिओने श्वास रोखून धरला. ती काही बोलली असती, तर पाय पुन्हा वर गेला असता.

“सापडलं!” काका ओरडले. “मानेवर दोन केस राहिलेत. या दुकानात, मी स्वतः काढतो.”

“पण ते स्टूल?” कंडक्टरांनी विचारलं.

“आहे की. त्यावर पुतण्या बघत बसेल.”