बटणाएवढा सेल

ताई गेली, पाठोपाठ तिचा जुना संगणकही. उरलं त्यातलं मेमरी कार्ड. त्यावरच्या बटणाएवढ्या सेलवर तिने लेकीसाठी टंकलेल्या आठवणी तगून होत्या. सेल काढला की सगळं पुसलं जाणार, म्हणून त्याला कुणी हात लावत नसे. कार्ड नव्या संगणकावर वाचता यावं म्हणून लेकीच्या मामांनी चार महिने खपून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड वाचणारा प्रोग्राम, लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. भाची धावतच आली. "मामा, एका बाईला तुमच्या ड्रायव्हरमुळे वडिलांची पत्रं सापडली! आता आईचा नंबर!" मामा चिमट्याने सेल उचकटत होते. "अहो, काय करताय?" "आता काढला तरी चालतो," ते म्हणाले. "पहिला ड्रायव्हर जागा मोजायला कार्डभर शून्यं लिहायचा, आधीचं सगळं पुसून. तो मी ह्यावरच तपासला. बाईंना दुरुस्त केलेला मिळाला." भाचीने सेल रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला.