सगळ्या फोल्डरांना लागू

“नऊ दिवस,” डॉक्टर म्हणाले. “नऊ दिवस हा रिपोर्ट तुमच्या कॉम्प्युटरवर पडून आहे, ताई. आज पेशंटने स्वतःहून फोन केला म्हणून कळलं.”

काउंटरवरच्या ताई डॉक्टरांच्या खोलीत उभ्या होत्या. बावीस वर्षं त्या या दवाखान्याचा फोन सांभाळत होत्या आणि आजवर एक निरोप चुकला नव्हता. पेशंट बेकरीत काम करणारा, दोन लेकरांचा बाप. ‘ताबडतोब दाखल करा’ या जातीचा रिपोर्ट. तासाभरापूर्वी त्याला गाडी करून मोठ्या हॉस्पिटलात हलवलं होतं. जीव वाचेल, किडनीचं सांगता येत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले होते.

एक्स-रेवाला हातात फिल्म घेऊन दाराशी थांबला होता. हे कसं झालं ते त्या खोलीत त्याला एकट्यालाच कळलं होतं.

ताईंची पद्धत साधी होती. लॅबचा मेल ठळक अक्षरात आहे तोवर पेशंटला फोन करायचा बाकी. फोन हातात घ्यायचा तेव्हाच मेल उघडायचा. उघडला की अक्षर साधं होतं, काम संपलं. वही नाही, चिठ्ठी नाही.

बारा दिवसांमागे ताई दोन दिवस रजेवर होत्या आणि काउंटरवर हा एक्स-रेवाला बसला होता. प्रत्येक मेल उघडा, बंद करा, पुढचा उघडा. वैतागला. त्याने यादीच्या खाली वाचायची चौकट चालू केली; नुसतं नावावर गेलं की मेल खाली दिसतो. आणि दिसला की वाचलेला धरला जातो, हे कोण लक्षात घेतो? हीच मांडणी इतर फोल्डरांना लावायची का, असं प्रोग्रॅमने विचारलं. याने वरच्या एका चौकोनावर टिचकी मारली आणि सगळ्या लॅबांच्या फोल्डरांवर बरोबरच्या खुणा पटापट उमटल्या. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातले डबे इकडचे तिकडे करून ठेवावेत, तसला प्रकार. वर ताईंना सांगितलं नाही ते नाहीच. विसरला असता तर गोष्ट वेगळी. ‘सांगू उद्या’ म्हणत राहिला आणि तो उद्या काही उजाडला नाही.

रजेवरून आल्यावर ताई नेहमीसारख्या नाव शोधत बाणाच्या बटणाने यादीतून खाली उतरायच्या. ज्या मेलवरून बाण जायचा, तो न वाचताच वाचलेला ठरायचा. त्यातच बेकरीवाल्याचा रिपोर्ट गेला.

“पण झालं कसं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मेल वाचलेला दिसतोय. म्हणजे मीच उघडला असणार.” ताईंचा आवाज खाली आला. “मला आठवतच नाहीये, डॉक्टर. आईचं असंच सुरू झालं होतं.”

ताईंच्या आईने शेवटची चार वर्षं पोटच्या पोरीला ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारलं होतं. ते सगळ्या दवाखान्याने पाहिलं होतं. डॉक्टरांचा राग जागच्या जागी उतरला. “बसा जरा,” ते म्हणाले. “पाणी घ्या.”

एक्स-रेवाल्याने तोंड उघडलं. बेकरीवाल्याची बायको गाडीत चढताना कशी धडपडली ते त्याला आठवलं. आपली नोकरी अजून कायम झालेली नाही, हेही आठवलं. ताईंना एकटं गाठून सांगू, असं त्याने ठरवलं. ठरवलं कसलं, शेपूट घातली.

बाहेर काउंटरवर कुणी नव्हतं. तो ताईंच्या खुर्चीत बसला. चौकट बंद. सगळ्या फोल्डरांना लागू? हो. अर्धं मिनिट लागलं नाही. पुढे तरी कुणाचा रिपोर्ट असा जायला नको, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण पुरावाही त्यात पुसला जात होता आणि ते त्याला चांगलं कळत होतं. स्वतःची लाज वाटली, इतकी की कान तापले. तरी हात थांबला नाही.

ताई तोंड धुऊन आल्या. तो उठून बाजूला झाला. चष्मा चढवून त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

“अरे, इथे खाली मेल दिसायचा ना? मी रजेवरून आल्यापासून. मला वाटलं, कॉम्प्युटरनेच काहीतरी नवीन काढलंय.”

देवाने ताटात वाढून दिलेली संधी. एक वाक्य बोलायचं होतं.

“नाही ताई,” तो म्हणाला. “पहिल्यापासून असंच आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

ताईंनी मान हलवली. वाद घातला नाही. त्यांना ते पटलं होतं.

“तुझा चेहरा का एवढा उतरलाय?” त्या म्हणाल्या. “तुझी काय चूक यात?”

मग त्यांनी खणातून मोठ्या हॉस्पिटलच्या नंबरांचा कागद काढला, त्यावरून बोट फिरवत खाली आणलं आणि फोन लावला. दिवसातून पन्नासदा लावायच्या तोच आवाज.

“नमस्कार, दवाखान्यातून बोलतेय. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ हवी होती. हो, विस्मरणासाठीच. बाई आहेत, वय चौपन्न. जेवढी लवकरची मिळेल तेवढी द्या.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“पेशंटचं नाव ना,” त्या म्हणाल्या. “माझंच लिहा.”