लग्नाआधीची गोळी

"कशासाठी पाहिजे, काका?" डॉक्टर शर्मिलाने पुन्हा विचारलं.

अच्युतरावांनी पंख्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या पेनाकडे. ओमती भागातल्या या दवाखान्यात ते बीपीसाठी नेहमी यायचे, पण आजचं मागणं वेगळं होतं. त्यात शर्मिला त्यांच्या ऑफिसातल्या मित्राची पोरगी. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून तिने दसऱ्याचा जुलूस पाहिला होता.

"मोबाईलवर पाहिलं," ते पेनाला म्हणाले. "ते गुप्त आजार असतात नं, बाईमाणसाच्या संबंधातून होणारे... त्यांच्यासाठी अँटिबायोटिक असते म्हणे. आधीच घेऊन टाकायची. म्हणजे होतच नाही. ती दे."

शर्मिलाने हसू गालातच दाबलं.

आता अच्युतराव काही रंगेल गडी नव्हते हो! टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला साधा विधुर माणूस. त्यांना फक्त एक खोड होती, औषध आधी घ्यायची. पचमढीच्या बसमध्ये चढण्याआधी उलटीची गोळी. पंगतीला बसण्याआधी पाचक चूर्ण. संक्रांतीला ग्वारीघाटावर डुबकी मारण्याआधी सर्दीची गोळी. सर्दी व्हायची ती व्हायचीच, पण मनाला बरं वाटायचं. तहान लागल्यावर विहीर खणणारे आपण नव्हे, असं ते छाती पुढे काढून सांगत. आणि आता येत्या गुरुवारी, या वयात, त्यांचं दुसरं लग्न होतं.

"काका, अंजनीमावशींवर शंका आहे का तुम्हाला?"

"छे छे! देवी आहे ती बाई. शंका नाही गं, सवय आहे."

"मग ऐका. हे पाचक चूर्ण नाही. ज्यांना धोका जास्त असतो, अशा काही लोकांना आम्ही ही गोळी देतो. तीही संबंध आल्यानंतर घ्यायची, आमच्या देखरेखीत. सगळे आजार तिनं थांबतही नाहीत. आणि उगीच खाल्ली तर उद्या खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडणार नाही. तुम्हाला गोळी नाही मिळणार. तपासणी मिळेल. दोघांनी करायची."

"दोघांनी?" अच्युतरावांचा चेहरा पडला. "अरे बापा! त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं मागणी घातली, त्याच तोंडानं."

बोलायला काय जातं! अंजनीबाई गणिताच्या शिक्षिका होत्या. शहरातला अख्खा मराठी समाज त्यांच्या जिभेला वचकून असे. लग्नाला हो म्हणायला त्यांनी अच्युतरावांना एक उन्हाळा आणि एक पावसाळा ताटकळत ठेवलं होतं. शिवाय त्यांचे पहिले यजमान, त्यांच्या लेकीचे, सलोनीचे बाबा, म्हणजे देवमाणूस. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी लोक त्यांचं नाव काढून हात जोडत. अशा माणसाच्या पत्नीला हे विचारायचं? एका प्रश्नात सगळं मुसळ केरात. आणि खरं सांगायचं तर अच्युतरावांचा त्या बाईवर जीव जडला होता. पहिली बायको नर्मदा गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. अंजनीबाई नुसत्या भांडल्या, तरी त्यांचा दिवस चांगला जाई.

मदन महलला अंजनीबाईंच्या घरापर्यंत ते ऑटोत वाक्यं जुळवत बसले. शेवटी ऑटोवाल्यानं आरसा वळवून विचारलं, "बाबूजी, किससे बात कर रहे हो?"

अंजनीबाई ओसरीवर मेथी निवडत होत्या.

"काय जी, चेहरा काहून उतरला? चूर्ण नाही घेतलं का आज?"

अच्युतराव खुर्चीच्या टोकावर बसले. जुळवलेली सगळी वाक्यं ऑटोतच राहिली होती.

"अंजनीबाई, शर्मिला म्हणून राहिली होती... शर्मिला नाही, मीच म्हणतो. लग्नाआधी आपण दोघं तपासणी करून घेऊ. त्या आजारांची. एचआयव्ही, सिफिलिस, सगळ्याची. पहिले माझी. तुम्ही नाही म्हटलं तरी माझी तर करतोच मी."

मेथीवरचा हात थांबला. अंजनीबाईंनी जुडी खाली ठेवली. घाबरून अच्युतराव आणखी बोलत सुटले.

"पहिले गोळीच मागायला गेलो होतो. तिनं दिली नाही. म्हणजे शंका नाही हो, देवाशपथ! सलोनीचे बाबा एवढे देवमाणूस, आणि मी तुम्हाला असलं विचारून राहिलो. चुकलंच माझं."

अंजनीबाई उठल्या आणि सरळ आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. संपलं, अच्युतरावांनी मनाशी म्हटलं. साखरपुड्याची साडी परत आणून देतात आता. ते उठले आणि घाईत उजवी चप्पल डाव्या पायात घालून बसले. डोळ्यांत पाणी आलं, तेही त्यांनी चष्म्याच्या खालून पुसलं.

अंजनीबाई बाहेर आल्या त्या खांद्याला पर्स लावून. दार ओढून कुलूप घातलं.

"चला."

"कुठे?"

"ओमतीला. दवाखाना बंद व्हायच्या आत. अन् चपला नीट घाला, पडाल कुठं तर."

अच्युतराव बघतच राहिले. "तुम्हाला... राग नाही आला?"

अंजनीबाईंनी कुलूप ओढून पाहिलं, मग त्यांच्याकडे वळल्या. हसत होत्या, पण आवाज जरा ओला झाला होता.

"राग कशाचा, अच्युतराव? सलोनीच्या बाबांनी दौऱ्यावरून असाच एक आजार आणून दिला होता मला. विचारणारे तुम्ही पहिले."