चौदाव्या मिनिटाला

आरशासमोर उभी राहून आर्लीनने लाल मफलर गळ्याभोवती गुंडाळला, सोडला आणि पुन्हा गुंडाळला. मग तिने ओठांना लाली लावली. व्हर्नन पलंगावरून एक डोळा किलकिला करून हे सगळं बघत होता.

"सकाळी सकाळी कुठे निघालीस?"

"सॉकर बघायला. दर शनिवारी जाते, व्हर्न. आणि दर शनिवारी तू हेच विचारतोस."

"इंग्लंडची पोरं चिखलात धावणार, आणि ते बघायला तू उजाडायच्या आत बारमध्ये जाणार?"

"हो. कॉफी करून ठेवलीय. गरम करून घे."

दार लागलं. व्हर्नन छताकडे बघत पडून राहिला. मिलवॉकीत बेसबॉलवर वाढलेली बाई साठी उलटल्यावर सॉकरच्या नादी लागते, हेच मुळात तरुणपणी स्वतः बेसबॉल खेळलेल्या व्हर्ननला पटत नव्हतं. नव्वद मिनिटं धावायचं आणि शेवटी शून्य-शून्य. असल्या खेळासाठी कोणी लाली लावतं का?

पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, "तूही चल ना." तेव्हा रेडिओवर बेसबॉलचा नववा, म्हणजे शेवटचा डाव चालला होता आणि दोन गडी बाद होते. व्हर्ननने नुसता हात वर केला. त्या हाताचा अर्थ घरात सगळ्यांना पाठ होता. आर्लीन गप्प बसली आणि पुन्हा तिने विचारलं नाही. आता ती दुपारी परत यायची ती घसा बसवून, गाल लाल करून, कसलंसं गाणं गुणगुणत. घरात ती कधीच गुणगुणत नसे.

शेजारचा डेल कुंपणापाशी उभा होता. व्हर्ननने सहज म्हणून विषय काढला.

"अरे, माझे दोन्ही जावई तेच बघतात हल्ली," डेल म्हणाला. "नातवाला बॅट आणून दिली, तर तिचा गोलपोस्ट केला त्याने. जमाना त्यांचा आहे बाबा."

"तरण्या पोरांचं सोड. पण आर्लीन?"

"लाली लावून जाते म्हणालास ना?"

"मग?"

"मग काही नाही," म्हणत डेल पाण्याची नळी उचलून फुलझाडांकडे वळला.

तो आठवडा व्हर्ननला काही गोड लागलं नाही. रेडिओवर सामना चालू असायचा आणि त्याला धावसंख्या विचारली असती तर सांगता आली नसती. आर्लीन फोनवर हसली की तो रेडिओचा आवाज कमी करून कान द्यायचा. चाळीस वर्षांचा संसार हातातून निसटतोय, असं त्याला वाटायला लागलं.

पुढच्या शनिवारी ती बाहेर पडली आणि तो तिच्या मागोमाग निघाला.

बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खांबाआडून त्याने आर्लीनला शोधलं. ती अगदी पुढे, मोठ्या पडद्यासमोर बसली होती. एक दाढीवाला उंच माणूस आला, वाकून त्याने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि तिच्यापुढे कॉफी ठेवली. येणारा-जाणारा तिच्या खांद्यावर हात ठेवून जात होता. व्हर्ननच्या अंगाचा तिळपापड झाला. एक नाही, अख्खा बार!

सामना सुरू झाला. थोड्या वेळाने दाढीवाला बिअर घ्यायला नेमका त्याच्याच शेजारी येऊन उभा राहिला.

"नवीन दिसताय, काका. बेसबॉलवाले ना?"

"कशावरून?"

"तोंडावरून. घाबरू नका, इथले सगळे आधी तेच होतो. हळूहळू सुटतं."

व्हर्ननने पडद्याकडे बोट केलं. "ती लाल मफलरवाली बाई. तुमची कोण?"

"आर्लीन? जीव आहे ती आमचा," दाढीवाला हसला. "ती आली नाही, तर सामना बघावासा वाटत नाही."

व्हर्ननची मूठ आपोआप वळली. ठोसा मारावा की आधी आर्लीनला हाताला धरून बाहेर न्यावं, हे त्याचं ठरेना. तेवढ्यात सगळा बार खुर्च्या सरकवून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. गोल झाला नव्हता. पडद्यावर चौदावं मिनिट चालू होतं आणि चेंडू कुठेतरी मधेच घुटमळत होता.

आर्लीनही उभी होती. टाळ्या वाजवताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती हसतही होती. असा चेहरा व्हर्ननने लग्नाच्या दिवशी पाहिला होता. ज्याच्यासाठी ती अशी रडत होती त्या माणसाचा त्याला इतका हेवा वाटला, की दाढीवाल्याचा रागही मागे पडला. सगळे वाजवत होते म्हणून त्यानेही टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"कुणासाठी आहे हे?" त्याने विचारलं.

"इंग्लंडमधली रीत आहे. गेलेल्या माणसाच्या शर्टाचा जो नंबर असतो ना, त्या मिनिटाला टाळ्या वाजवायच्या." दाढीवाला त्याच्या कानाशी वाकला. "तिच्या नवऱ्यासाठी. बेसबॉल खेळायचा तो, चौदा नंबर. व्हर्नन नाव होतं. फार हसरा माणूस होता म्हणे, तिच्याशी तासन्‌तास बोलत बसायचा. जाऊन बरीच वर्षं झाली, पण अजून तिचा जीव त्याच्यातच अडकलाय. वाजवा ना काका, थांबलात का?"