नकाशाप्रमाणे

वेबसाइट दुरुस्त झाली, असा अहवाल सकाळी अकरालाच वर्ध्याला गेला. दुरुस्तीला सुरुवात साडेअकराला झाली, तेव्हा तो अहवाल गेलाच नाही असं धरून चालू.

साडेअकराला प्रफुल मागच्या खोलीत सर्व्हरसमोर बसला होता. वेबसाइट म्हणजे देवळीतल्या त्या कार्यालयाची अंतर्गत साइट. कार्यालयाबाहेर ती उघडत नसे, आणि आज आतही उघडत नव्हती. तीन वाजता वर्ध्याहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. प्रफुलच्या कंत्राटाची मुदतवाढ त्यांच्याच सहीवर अडली होती. त्याच्या आधी या खुर्चीवर गजेंद्र बसायचा. मागच्या तपासणीत साइट अर्धा तास बंद राहिली. गजेंद्र आता पुलगावच्या स्टँडवर मोबाइलची कव्हरं विकतो.

अधीक्षक अच्युतराव सकाळीच बजावून गेले होते. ही खोली मंजूर नकाशात नव्हती. कधीतरी रद्दी ठेवायला काढली, आणि गेल्या वर्षी सर्व्हर इथे हलवला. साहेब तर नकाशा हातात धरून हिंडतात.

"आतून आवाज आला नाही पाहिजे," अच्युतराव म्हणाले होते. "कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. तू इथं नाहीसच, असं समज."

वाजायला नको म्हणून मोबाइलही त्यांनी आपल्या टेबलाच्या खणात ठेवून घेतला. प्रफुलनं दार आतून लोटून घेतलं.

बिघाड विचित्र होता. साइटचं नाव टाकलं की प्रत्येकाच्या पडद्यावर एकच ओळ येई: कागद संपला आहे. अच्युतरावांनी प्रिंटरमध्ये तीनदा कागद भरला. साइट आली नाही.

अर्ध्या तासात प्रफुलला उलगडा झाला. काल वीज गेली होती. ती परत आल्यावर राउटरनं सगळ्या मशीनना नव्यानं नंबर वाटले, आणि सर्व्हरचा जुना नंबर प्रिंटरला मिळाला. कोणतं नाव कोणत्या नंबरावर न्यायचं, ती यादी मात्र जुनीच होती. म्हणून साइटचं नाव घेणारा प्रत्येक जण प्रिंटरच्या दारात जाऊन उभा राहत होता. मशीन सगळी जागच्या जागी होती. चूक यादीत होती, आणि सगळे यादीवर चालत होते.

बाहेर तपासणीची तयारी जोरात होती. घमेली आपटत होती, थापी वाजत होती. दाराखालच्या फटीतला उजेड गेला. कोणी पोतं टाकलं असेल, असं प्रफुलला वाटलं.

मग दारावर थाप पडली.

"अंदर कोणी हाय का जी?"

आवाज तानबा गवंड्याचा होता. पण सोबत साहेब असले तर? लवकर आले असले तर? प्रफुलनं श्वास रोखला. त्याला पुलगावचा स्टँड दिसू लागला, हारीनं टांगलेल्या कव्हरांसकट. थाप पुन्हा पडली नाही. त्याला सुटल्यासारखं झालं.

त्यानं सर्व्हरला जुना नंबर कायमचा बांधून दिला, प्रिंटरला दुसरा दिला. आता 'कागद संपला' गेलं आणि पडदा कोरा आला. विजेच्या धक्क्यानंतर साइटचा प्रोग्रामच उठला नव्हता. तो उठवेपर्यंत अडीच वाजले. खोलीत भट्टी झाली होती. पंखा नव्हता. पंख्याची मागणी त्यानं गेल्या उन्हाळ्यात साइटवरूनच केली होती. साइटवरचे सगळे मागणी अर्ज संगणक कक्षाकडे, म्हणजे प्रफुलच्याच पडद्यावर येतात. आपला अर्ज त्यानं नीट वाचला आणि शेरा मारला: विचाराधीन.

इंटरकॉम वाजला. बाहेरच्या हॉलमधल्या कारकून सुधाताई होत्या. त्यांच्याकडे अजून कागदच संपत होता. प्रफुलनं रिसीव्हरवर हात धरून हळूच सांगितलं की तुमच्या मशीननं जुनं उत्तर लक्षात ठेवलंय, एकदा बंद करून चालू करा.

"इतकं ध्यानात तं माह्या नवऱ्यानं लग्नाची तारीख नाई ठेवली," सुधाताई म्हणाल्या, आणि मशीन बंद करून चालू केलं.

साइट उघडली. तीनला पाच कमी होते.

त्यानंतर दीड तास प्रफुल हलला नाही. पावलं आली, थांबली, गेली. घाम डोळ्यांत उतरला तरी त्यानं तो पुसला नाही. अखेर इंटरकॉम वाजला.

"जमलं, भाऊ," सुधाताई म्हणाल्या. "साहेब लय खूश. साइट पाह्यली, मंग मांगच्या भितीपाशी दोन मिनिटं उभे राह्यले. नकाशात हाय तशीच हाय म्हने. तुमची सही सोमवारी. पन तवा फोटोवाला येनार हाय. आज होतं तसंच सारं दिसलं पाह्यजे, एक टवका उडाला तरी सही नाई म्हनून गेले."

उद्या दुसरा शनिवार होता, म्हणून सगळे लवकर निघाले होते. त्याही कुलूप लावायलाच उठल्या होत्या. तुम्ही तर केव्हाच घरी पोचले असाल असं वाटलं, सहज फोन करून पाहिला, असं म्हणून त्या हसल्या आणि फोन ठेवला.

प्रफुल दिवसभरात पहिल्यांदा हसला. त्यानं सर्व्हरवरून हात फिरवला आणि दार ओढलं.

समोर विटा होत्या. चौकटीत खालपासून वरपर्यंत, ओळंब्यात रचलेल्या. त्यानं धावत जाऊन इंटरकॉम उचलला. भिंतीपलीकडे घंटा वाजत राहिली. ती त्याला फोनमधूनही ऐकू येत होती आणि विटांमधूनही. कोणी उचलला नाही. त्यानं भिंतीवर दोन्ही हात टेकले. सिमेंट ओलं होतं, बोटं रुतली. एक खांदा दिला असता तर सगळं खाली आलं असतं. पण भिंत तपासणीत पास झाली होती, आणि सही सोमवारी होती. त्यानं हात मागे घेतले, बोटांचे ठसे अंगठ्यानं सारखे केले, खुर्चीवर बसला आणि साइटवर नवा मागणी अर्ज उघडला.

'प्रति, मा. संगणक कक्ष. विषय: सदर कक्षास एक दार मिळणेबाबत. महोदय, तरी भिंतीचा टवकाही न उडवता सदर दार सोमवारपूर्वी मंजूर करून बसवून मिळावे, ही नम्र विनंती.'